तलाईतला प्लॉट

“जानकीबाई, एवढ्या पावसात कुठं निघालात? चहा टाकलाय. जरा ओसरू दे, मग जा.”

“नको वहिनी, बुढा अकेला आहे घरी. गल्लीत पानी चढत असेल.”

“ते तर दरवर्षीच येतं. खाटेवर आहेत ना ते? बसा.”

सुमंगलेच्या आवाजात खरी माया होती. जानकीबाईंनी भांडी घासून ओले झालेले हात पदराला पुसले आणि त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी टेकल्या. बाहेर पावसानं नुसतं झोडपून काढलं होतं, पण कॉलनीच्या रस्त्यावर डबकंसुद्धा नव्हतं.

या कॉलनीच्या जागी पूर्वी तलाई होती. टेकडीवरून उतरणारं पाणी तिच्यात साठायचं. जानकीबाईंचे यजमान, कृष्णराव, त्या तलाईत शिंगाडे लावायचे. त्यांचे पूर्वज मराठी फौजेबरोबर देवासला आले आणि इथलेच होऊन गेले. गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून शिंगाडे काढण्यात कृष्णरावांचा जन्म गेला. मग दुष्काळाची वर्षं आली. पिण्याचं पाणी रेल्वेनं यायला लागलं आणि तलाईला भेगा पडल्या. ही पुन्हा भरेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. कुणीतरी मुरूम टाकला, प्लॉट पाडले. साताऱ्याहून कारखान्यातल्या नोकरीसाठी आलेल्या सुमंगलेच्या यजमानांनी, उमाशंकरांनी, एकावर घर बांधलं. दुसरा, अगदी वरच्या टोकाचा, मुलासाठी म्हणून सुमंगलेच्या नावानं घेऊन ठेवला.

पाऊस पुन्हा पडायला लागला तसं पाणीही आपली जागा शोधत आलं. दोन पावसाळे लोकांनी घरातून बादल्यांनी पाणी उपसलं. तिसऱ्या वर्षी उमाशंकरांनी पुढाकार घेऊन टेकडीच्या अंगाला भिंत घातली. जानकीबाई तेव्हा दारात येऊन म्हणाल्या होत्या, “भाऊसाहेब, भिंत घातली तर पानी जाणार कुठं?”

“नगरपालिका बघेल,” उमाशंकर म्हणाले होते.

पाणी बाजूच्या बस्तीत, जानकीबाईंच्या गल्लीत, जायला लागलं. दर पावसाळ्यात थोडं थोडं वर चढत गेलं. त्यातच कृष्णरावांना लकवा झाला आणि त्यांची उजवी बाजू गेली.

जानकीबाई चहा संपवून निघाल्या तेव्हा पाऊस खरोखरच ओसरला होता. बस्तीच्या तोंडाशी पाणी कमरेला लागलं. माणसं आपापली पोरं आणि भांडी घेऊन पत्र्यांवर चढली होती. जो तो आपलं वाचवत होता, म्हाताऱ्याची आठवण कुणाला व्हावी! दार लोटून त्या आत गेल्या. खाट कलंडली होती. कृष्णराव तिच्याखाली होते.

सुमंगला कृष्णरावांच्या मातीला गेली. जानकीबाईंनी तिला एका शब्दानं बोल लावला नाही. कामाला मात्र त्या परत आल्या नाहीत.

दिवाळीनंतर नगरपालिकेचा एक तरुण इंजिनिअर कॉलनीत आला. बगिच्यासाठी सोडलेली मोकळी जागा आणि तिला लागून असलेला सुमंगलेचा प्लॉट पुन्हा खोल खणायचा, तिथली भिंत फोडायची, काठाला गवत, लव्हाळी वाढू द्यायची. टेकडीचं पाणी तिथं थांबेल, मुरेल, मग बस्तीतही जाणार नाही आणि कॉलनीतही नाही, असं त्यानं समजावून सांगितलं.

“म्हणजे आमचा प्लॉट पाण्यात!” उमाशंकर हसले. इथल्या बोलीत भावाला म्हणतात तसं ते म्हणाले, “भिया, दुसरी जागा बघा.”

रात्री जेवताना सुमंगला म्हणाली, “देऊन टाकू या.”

“वेड लागलंय का? शंतनूनं घर कुठं बांधायचं?”

“कुठंही बांधेल. तिथं नको.”

“कृष्णराव आपल्यामुळं गेले असं म्हणायचंय तुला? माणूस लकव्यानं पडून होता.”

“त्या घरी निघाल्या होत्या हो. मीच चहाला बसवलं.”

उमाशंकरांनी ताट सरकवलं आणि ते उठून गेले. चार दिवस बोलले नाहीत. सुमंगला एकटीच नगरपालिकेत जाऊन सही करून आली. घरातला अबोला त्यानंतर कधी पुरता सुटला नाही. शंतनूचे पुण्याहून येणारे फोनही कमी झाले.

उन्हाळ्यात खोदकाम झालं. आषाढात एक दिवस सकाळपासून तसाच पाऊस लागला. दुपारी सुमंगला छत्री घेऊन बाहेर पडली. फोडलेल्या भिंतीतून टेकडीचं गढूळ पाणी येत होतं, खड्ड्यात पसरत होतं, तिथंच थांबत होतं. पलीकडच्या काठावर बस्तीतली माणसं बघायला जमली होती. त्यांच्यात, डोक्यावर गोणपाट घेतलेल्या जानकीबाई.

सुमंगला वळसा घालून त्यांच्याजवळ गेली.

“घरात आलं नाही ना पाणी?”

“नाही आलं.”

पाण्याकडे बघत जानकीबाई म्हणाल्या, “आलं असतं तरी आता काय नेलं असतं, वहिनी?”

गोणपाट सावरत त्या चिखलातून बस्तीकडे चालायला लागल्या. सुमंगला छत्री घेऊन दोन पावलं त्यांच्यामागं गेली, आणि मग थांबली.