पाचवे धर्माजी

इंद्रजीतसरांनी सुगंधाला नोकरीतून मोकळं करायचं पत्र टाइप करून ठेवलं होतं. सही तेवढी राहिली होती.

"जुन्या फाइलीतले तक्ते नव्या फाइलीत आले की लगेच सही, मॅडम. पाच मिनिटांचं तर काम."

हे सकाळचं बोलणं. आता तीन वाजले होते. उद्या दहाला पालघरच्या दवाखान्यात नव्या नोकरीवर हजर व्हायचं, पत्राशिवाय तिथं कुणी उभं करणार नव्हतं, आणि बोईसरच्या या कारखान्यातून निघायचा सुगंधाचा हा तिसरा प्रयत्न. आधीच्या दोन्ही वेळी तिला याच फाइलीनं धरून ठेवलं होतं.

फाइल धर्माजीकाकांनी बांधलेली. कामगारांच्या छातीच्या तपासण्यांच्या वीस वर्षांच्या नोंदी तिच्यात होत्या. मालकी काकांच्या नावावर. बाकीच्यांनी फक्त बघायचं. कॉपी म्हटलं की पाटी यायची: तुम्हाला परवानगी नाही. काका निवृत्त होऊन नवापूरला गेले, मग जुना संगणक बंद पडला, आणि त्याच्याबरोबर परवानग्यांची यादीही गेली. आता काकांचं नाव नव्यानं घालायचं, तर त्यांचा ओळखशब्द अक्षरन् अक्षर पूर्वीचाच हवा. चुकला तरी संगणक तक्रार करत नसे. तो निमूटपणे नवे धर्माजी बनवी, आणि त्या धर्माजींना कशालाच हात लावता येत नसे. असे चार बिनकामाचे धर्माजी सुगंधानं दुपारपर्यंत जन्माला घातले होते.

तिनं पुन्हा फोन लावला.

"काका, नाही होत."

"आगं बाय, सांगलं ना. आमी नवापूरचे. सगला जोडून, इंग्रजी अक्षरात."

"तेच घातलं. सगळी लहान अक्षरं, मोठी अक्षरं, सगळं करून झालं."

"मंग वाच बगू, काय घातला."

"ए, एम, एच, आय..."

"एच कुटना आला?"

सुगंधानं कळफलकावरून बोट उचललं. बारा वर्षं काकांचे अर्ज तीच टाइप करायची. ते 'आमी' सांगायचे, तिचा हात आपसूक 'आम्ही' करायचा. आजही तेच केलं होतं.

"मी घातला, काका. सवयीनं."

"माज्या 'आमी'त एच हाय काय? आमचे घरात कोणाचेच नाय."

तिनं तो एच काढला. पाचवे धर्माजी खरे निघाले. त्यांच्या नावानं आत शिरून तिनं स्वतःला परवानगी दिली आणि तक्ते एकामागून एक नव्या फाइलीत आणले.

मग सहज मालकाचा रकाना उघडला. प्रत्येक ओळीत सुगंधा, सुगंधा, सुगंधा. जो कॉपी करेल तो मालक.

म्हणजे उद्यापासून नवापूरऐवजी पालघरला फोन. दवाखान्यात, जेवताना, म्हातारपणी.

"झालं का हो?" सरांनी केबिनमधूनच विचारलं. "तुमच्याशिवाय कुणाला जमलं नसतं बघा."

"पाच मिनिटं, सर."

तिनं आणलेलं सगळं पुसलं. नवा माणूस तयार केला, त्याला परवानगी दिली, त्याच्या नावानं तक्ते पुन्हा आणले आणि एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहून ती पत्राबरोबर सरांच्या टेबलावर ठेवली.

सरांनी सही केली. सुगंधानं पत्र घडी करून पर्समध्ये घातलं, चेन ओढली, आणि मगच त्यांनी चिठ्ठी उचलली.

"हे काय?"

"मालकाचं नाव आणि ओळखशब्द. जपून ठेवा."

नाव: इंद्रजीत. ओळखशब्द: पाचमिनिटांचंकाम.

"इंग्रजी अक्षरात आहे ना? स्पेलिंग काय?"

"तुम्ही म्हणता तसंच घातलंय, सर," सुगंधा म्हणाली आणि दाराकडे वळली.