त्याच्या हातानं

"पाय धर त्याचे आन् मान खाली दाब," महादू म्हणाला. "लहानपणी शिकवलं नव्हतं काय तुला?"

अंकुशनं कोंबड्याचे पाय धरले. कोयत्याला महादूनं सकाळीच धार लावून ठेवली होती. वाघोबाच्या शेंदूर फासलेल्या दगडापुढं तांदूळ, नारळ, उदबत्ती सगळं मांडून झालं होतं. वाघबारस म्हणून अख्खा पाडा जमला होता. आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो गडी कोंबडा छातीशी धरून नुसता बसून राहिला होता.

"फौजी घाबरला रे," मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. सणाच्या दिवशी पोटात ताडी गेलेली माणसं ती, त्यांना हसायला निमित्तच पुरतं.

अंकुश हसला नाही. त्यानं कोयता खाली ठेवला, कोंबडा काखेत घेतला आणि उठला. "काका, माझ्यानं नाय होणार," एवढंच बोलून तो घराच्या वाटेला लागला.

महादू म्हणजे अंकुशचा सख्खा चुलता आणि पाड्याचा भगत. देवाचं करणं-सवरणं सगळं त्याच्याकडं. तो बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या कमळीकडं, अंकुशच्या आईकडं आला.

"वयनी, बोलव त्याला माघारी. नाय तर मी उरकतो. देव काय हात बघत बसत नाय."

"बघतो," कमळी म्हणाली. "मी हाताचंच बोललेय."

खरी मेख इथंच होती, आणि ती कमळीनंच मारून ठेवली होती.

नवरा गेल्यावर कमळीनं अंकुशला एकटीनं वाढवला. पावसाच्या भरवशावरचा भाताचा तुकडा काय पुरणार? म्हणून तिनं तारापूरच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये काम धरलं. रोज अंधुकल्या उजेडात डोंगर उतरायचा, मनोर-बोईसर रस्त्यावर येऊन मिळेल ती गाडी धरायची आणि दिवसभर तांदूळ निवडायचा, भांडी घासायची. तिचा पोरगा आश्रमशाळेत शिकला आणि पाड्यावरचा पहिला फौजी झाला. गलोलीनं झाडावरची कैरी देठातून उडवणारा पोरगा तो. पलटणीतल्या साहेबांनी त्याचा नेम हेरला आणि त्याला स्नायपर केला. कमळीला तो शब्द काही केल्या वळेना. कँटीनमध्ये पोळ्या करणारी साताऱ्याकडची अर्चना होती, तिनं फोड करून सांगितलं, "मावशी, म्हणजे लपून, लांबून नेम धरणारा. तुमचा अंकुश भारीच निघाला की."

लांबून म्हटल्यावर कमळीला बरंच वाटलं. जितका लांब तितका सुखरूप, एवढाच तिचा हिशेब.

मग गेल्या हिवाळ्यात कँटीनच्या टीव्हीवर सीमेवरचा गोळीबार दाखवायला लागले आणि अंकुशचा फोन लागेनासा झाला. अर्चना म्हणाली, "मावशी, तुमच्या देवाला काहीतरी बोला. बोलल्यानं धीर येतो." कमळी भांड्यांच्या ढिगाशी ओल्या हातांनी उभी राहिली आणि बोलली, "वाघोबा, पोर धडधाकट घरी येऊ दे. त्याच्या हातानं तुला कोंबडा देईन." नुसता कोंबडा म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण देवाला पळवाट नको म्हणून तिनं हातसुद्धा नवसात घालून ठेवला. पोराचे हात शाबूत राहावेत, एवढीच बापडीची हुशारी. त्याच हुशारीनं आता तिला पेचात धरलं होतं, कारण अंकुशची रजा संपली होती आणि उद्या त्याला निघायचं होतं.

ती घरी आली तेव्हा अंकुश मागच्या पडवीत बसला होता. कोंबडा डालग्याखाली, आणि हा फटीतून त्याला भाताचे दाणे टाकतोय. आता बोला.

"चार माणसांत लाज घालवलीस," कमळी म्हणाली. ती चिडलीच होती. "तिकडं बंदूक चालवतोस ना? मग एक कोंबडा कापायला काय होतं रे तुला?"

"बंदूक वेगळी, आये."

"काय वेगळी? जीव तो जीव."

ती सहज बोलून गेली. अंकुशनं हातातले दाणे टाकायचे थांबवले.

"तेच तर," तो म्हणाला.

कमळी त्याच्याजवळ टेकली. रजेवर आल्यापासून पोराचं काहीतरी बिनसलंय, हे तिला दिसत होतं. अंगणात कुणी उन्हाला बसलं की हा मान फिरवायचा. शेजारची भागी म्हणाली होती, गर्व झालाय फौजीला, माणसांकडं बघत नाय. कमळीनं तिला झापलं होतं, पण मनात किडा वळवळत राहिला होता.

"आमच्यातला एक गेला," अंकुश सांगू लागला. "बबलू नावाचा. पाण्याला गेला होता, पलीकडनं गोळी आली. मग मला बसवला. ज्यानं मारला त्याला हुडक म्हणाले. हुडकला. दुर्बिणीतनं दिसायचा, तू आता दिसतेस तेवढा जवळ."

"मग?"

"मग काय, हुकूम येईपर्यंत बघत बसायचं. सकाळी उन्हात यायचा, दगडाला टेकायचा, दाढी खाजवायचा. कधी एकटाच हसायचा, काय आठवायचं कोण जाणे. मला सवय झाली त्याची. यायला उशीर झाला का मला वाटायचं, आज काय झालं याला."

अंकुशनं हातातले उरलेले दाणे फटीतून आत सोडले.

"शेवटच्या दिशी मोजा शिवत होता. लाल लोकरीचा. दुकानातला नव्हता तो, कुणीतरी हातानं विणलेला. वीणबी वेडीवाकडी. दोरा दातानं तोडायला त्यानं मान खाली घातली, आन् वायरलेसवर हुकूम आला." तो थांबला. "तिकडचा आवाज येत नाय, आये. नुसता आडवा झाला. मोजा हातातच होता."

खरं सांगायचं तर कमळीला क्षणभर पोराची भीती वाटली. आणि भीती वाटली याची इतकी लाज वाटली, की तिनं लगेच त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"त्यानं तुमचा माणूस मारला होता ना? मग तू काय वाईट केलंस? तू थांबला असतास तर त्यानं आणखी एकाला मारला असता."

"खरं हाय. सगळे हेच म्हणतात. साहेबांनी पाठ थोपटली, मिठाई वाटली. मी पण खाल्ली. चूक कुणाचीच नाय." अंकुश डालग्याकडं बघत म्हणाला, "पण आज याला हातात धरला आन् याच्या छातीत धडधडत होतं. तिकडं ती धडधड कळत नाय, म्हणून बोट दाबलं गेलं. इथं हाताला कळली."

आणि एवढा दांडगा गडी आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडला. लहानपणी पडला तरी न रडणारा पोर. कमळीनं त्याला रडू दिलं. रडू नको असं तिनं म्हटलं नाही.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "मोजा वेडावाकडा विणलेला होता म्हणालास?"

"हां."

"मग आयसनं विणला असल त्याच्या. बायको जवान असती, तिची वीण सरळ असती. म्हातारीला कमी दिसत असल."

ती उठून चुलीशी गेली. भाताला आधण ठेवलं, पण तांदूळ टाकायचं विसरली. ती दुसरी बाई तिच्या डोक्यातून जाईना. तिच्या पोराचा पण फोन लागत नसेल तेव्हा तिनं काय केलं असेल? ती पण कुणाला तरी बोलली असेलच. त्यांच्यात काय बोलतात, बकरा की चादर की आणखी काही, ते कमळीला ठाऊक नव्हतं. पण आई म्हटल्यावर बोलल्यावाचून राहील होय? आणि जे बोलली ते आता तिच्या दारात तसंच पडून असणार. ना फेडता येत, ना मोडता येत. आपला पोर धडधाकट आला, म्हणून तिचा नवस राहिला. आपल्या सुखाला असं एक दुसरं टोक असेल, हे तिला आजवर सुचलंच नव्हतं.

उन्हं कलली तसा महादू आला. बरोबर दोन-चार वडीलधारी माणसं होती.

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाय, वयनी," महादू म्हणाला. "पाडाभर झालंय. आजच्या आज काय ते उरका." मग तो अंकुशकडं वळला. "आन् तू रे, कशाचं मनाला लावून घेतोस? वाघ पण लपूनच मारतो. त्याला आपण देव म्हणतो."

"वाघ भूक लागली का मारतो, काका."

महादू पुन्हा कमळीकडं वळला. "उद्या पालघरहून गाडी हाय पोराची. देवाचं देणं डोक्यावर ठेवून सीमेवर धाडतेस त्याला? बरं-वाईट काय झालं तर मग मला बोलू नको."

कमळीला तिचा देव माहीत होता. तो देतो तसा वसूलही करतो. तिच्या तोंडावरचा रंग उडालेला अंकुशनं पाहिला आणि तो उठला.

"आण कोयता, काका," तो म्हणाला. "कापतो. आयससाठी कापतो."

त्याचा चेहरा बघवत नव्हता. कमळीनं डालगं उचललं, कोंबडा काढून स्वतः काखेत घेतला. "कोयता राहू दे," ती म्हणाली. "चला माझ्यासंग."

सगळे तिच्या मागोमाग वाघोबाशी गेले. तिथं तिनं कोंबड्याच्या पायाची सुतळी सोडली आणि त्याला दगडापुढं ठेवून दिलं. मोकळा झालेला तो प्राणी पळाला नाही, तिथंच तांदूळ टिपू लागला.

"महादू, हा सोडायचा हाय," कमळी म्हणाली. "माझ्या नवसाचा नाय हा. पलीकडं एक बाय हाय, तिचा पोर घरी आला नाय. माझ्या पोरानं येऊ दिला नाय. त्या पोराच्या नावानं हा सोड, त्याच्या आयसचं बोललेलं फिटू दे."

"आन् तुझं?"

"माझं उभं राहू दे देवापुढं. वसूल करायचं तर मी हाय ना, माझ्याकडनं करील. पोराच्या हातानं मी आता काय देत नाय."

माणसं एकमेकांकडं बघू लागली. असं मागणं त्या दगडापुढं आजवर कुणी मागितलं नव्हतं. पण महादू भगत होता, आणि देवापुढं बाई बोलली ते त्याला पुरं करणं भाग होतं. तो खाली बसला. मेलेल्याच्या नावानं काही सोडायचं तर भगत आधी घरच्या गेलेल्यांची नावं घेतो आणि शेवटी त्या मेलेल्याचं नाव घेऊन तांदूळ टाकतो. नावावाचून ते पोचत नाही.

महादूनं मुठीत तांदूळ घेतले. "नाव काय होतं रे त्याचं?" त्यानं विचारलं.

"माहीत नाय, काका," अंकुश म्हणाला. "चेहरा माहीत हाय."

"नाव पायजे, वयनी. बिननावाचं कसं सोडू?"

कमळीनं पोराकडं पाहिलं. मग ती महादूच्या शेजारी मातीत बसली.

"अंकुश म्हण," ती म्हणाली.

महादूचा हात तसाच राहिला. "जित्या पोराचं नाव घेऊ? मेलेल्यांत?"

"त्याच्या आयसनं त्याला काय म्हणून हाक मारली ते आपल्याला कळायचं नाय. मी माझ्याला हेच म्हणते. म्हण तू."

अंकुश मागं उभा होता. महादूनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, मग मान खाली घातली. त्यानं बापाचं नाव घेतलं, आजाचं घेतलं, कमळीच्या नवऱ्याचं घेतलं. आणि त्यांच्यामागं हळूच अंकुशचं नाव घेऊन तांदूळ टाकले.