तिसऱ्या डब्याची जागा

चाळीस वर्षं मी लोकांचे कपडे शिवतेय. मापात चुकतेस असं कुणी म्हटलं असतं, तर त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. आणि चुकले ती नेमकी घरच्याच माणसाच्या मापात.

हे रेल्वेत सांधेवाले. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जायची ती यांच्या हातानं. अर्धांगवायूनं तोच उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो यांनी खिडकीबाहेर भिरकावला. वापरला नाही तर हात कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं. मग मीही हट्टाला पेटले.

खाटेच्या उजवीकडे पाच फुटांची फळी ठोकली आणि तिच्यावर खेळण्यातल्या आगगाडीसाठी यांच्या नोकरीतलं शेवटचं स्टेशन आखायला बसले. हे पडल्या पडल्या सांगायचे, मी खोडून खोडून काढायची. नुसती गोल फिरणारी गाडी यांना पोरखेळ वाटायची. इथे गाडी फलाटाला लागणार, इंजिन सुटून पुढे जाणार, शेजारच्या रुळावरून मागे येऊन डब्यांच्या दुसऱ्या टोकाला जोडलं जाणार. त्यासाठी टोकाचा सांधा यांनी हातानं बदलायचा. तो हाताच्या टप्प्यात हवा, म्हणून वहीतलं यांच्या सदऱ्याच्या बाहीचं माप धरलं.

ते माप धडधाकट हाताचं. पहिल्याच दिवशी यांचा हात सांध्याच्या खटक्याच्या चार बोटं अलीकडे थांबला. इंजिन टोकाला अडकून राहिलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रूळ आखूड करते, सांधा जवळ घेते, म्हणून मी पेन्सिल उचलली. डाव्या हाताचं नाव काढलं तर यांनी तोंड फिरवलं. मग शांतपणे म्हणाले, "तिसरा डबा कुठे उभा करशील? माझी गाडी तीन डब्यांची होती. रूळ कापायचा नाही."

रोज सकाळी दहाला गाडी यायची आणि अडकायची. हे घामाघूम व्हायचे, माझ्या मापाचा उद्धार करायचे, मीही ऐकून घेणारी नव्हते. हात पोचेल तिथे फळीवर खडूची रेघ मारायची. कधी रेघ पुढे सरकायची, कधी आठवडाभर जागची हलायची नाही.

सेहेचाळिसाव्या दिवशी खटका वाजला. इंजिन मागे फिरलं, तिन्ही डबे घेऊन निघालं. मला रडू आवरेना, मी तिथेच खाटेवर बसले.

यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दम खात म्हणाले, "गर्दीच्या दिवसांत चार डबे लागायचे."

मी डोळे पुसले आणि सांधा सहा बोटं पुढे आखला.