पितृपक्षातलं लग्न

पत्रिका हातात आली की मी आधी तारीख बघते, नावं मागाहून. बाबुरावांच्या प्रियदर्शनीची पत्रिका मात्र चष्मा पुसून दोनदा वाचली. बुधवार, सकाळी अकरा, आणि तोही पितृपक्षातला! ठिकाण येरवड्याचा बुद्धविहार. मुलगी वाशीमकडची, मुलगा वाशीमकडचा, मग रात्रभर प्रवास करून वऱ्हाड पुण्याला कशाला?

मी विमलाबाई. रास्ता पेठेतल्या आमच्या घराची बाहेरची खोली दवाखान्यात येणाऱ्यांना भाड्याने देते. मला नसत्या चौकशा करायची खोड आहे. हे मीच सांगून टाकते, लोकांचे तेवढेच कष्ट वाचतात. बाबुराव, त्यांची बायको शालन आणि कॉल सेंटरात लागलेली प्रियदर्शनी दोन वर्षं त्याच खोलीत राहत होते.

"अहो बाबुराव, ही तारीख कुठल्या पंचांगात सापडली?"

ते हसले. "आमच्यात मुहूर्त पाहत नाहीत, बाई. हे डायलिसिसचं पंचांग आहे."

मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी त्यांचं रक्त यंत्रातून शुद्ध करून घ्यावं लागे. त्या दिवशी ते पार गळून जात, दुसऱ्या दिवशी जरा तरतरीत असत.

"मग रविवार काय वाईट होता?"

"पाव्हण्यांनीच बुधवार मागितला."

"तो का?"

"येतील तेव्हा विचारा."

म्हणजे मला पंधरा दिवस झोप नाही! मी शालनला गाठलं. गावी लग्न का नाही, एवढं तरी तिने सांगितलं. मागच्या वर्षी ते गावी गेले होते. तिकडचं जवळचं यंत्र तीन तासांवर, आणि तिथे नंबर लागला नाही. छातीत पाणी चढलं, परत आणेपर्यंत माणूस निळा पडला होता. "पोरगी म्हणते, बाबा समोर नसतील तर मला लग्नच नको," शालन म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं.

बुधवारी मी दहालाच विहारात हजर. बसमधून पाहुणे उतरू लागले. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत मोठं चपटं पाकीट. एकसारखा आहेर? मी मोजले, एकोणीस. शेवटी रंगराव नावाच्या एका काकांना विचारलंच, "काय आणलंत हो एवढं?"

त्यांनी पाकिटातून एक्स-रे काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. "हा माझा खुबा. ह्या माझ्या नातवाच्या हृदयाला भोक आहे. तिकडे मोठा डॉक्टर महिन्यातून एकदा येते, आला तर. पुण्याला यायचंच होतं, म्हटलं दाखवूनच जाऊ. आज लग्न, उद्या दवाखाना. रविवारी लग्न ठेवलं तर सोमवारी दवाखान्यात लय गर्दी राहते म्हणे."

मी कपाळावर हात मारून घेतला. चिडले की हसले, माझं मलाच कळेना.

भंतेजींनी पंचशील दिलं. पांढऱ्या साडीतल्या प्रियदर्शनीने हार घातला नवऱ्याच्या गळ्यात, पण बघत होती बाबुरावांकडे. ते खुर्चीचा हात धरून उभे राहिले आणि फुलं उधळली. मला रडू आलं, लपवू कशाला?

जेवणं चालू असताना बाबुराव प्रत्येकाला समजावत होते, सकाळी सातला रांग लागते, केसपेपर कुठल्या खिडकीवर मिळतो. तेवढ्यात त्यांची आत्या, मुक्ताई, माझ्याजवळ येऊन बसली. तिच्याही मांडीवर पाकीट.

"बाई, मला म्हणे महिनाभर तरी राहा लागते." तिने बाबुरावांकडे हात केला. "याहीची खोली कधी खाली होते?"

"अहो, काय विचारताय!" मी ओरडलेच. बाबुरावांची खोली कशाने रिकामी व्हायची, हे काय मला माहीत नव्हतं?

बाबुराव जवळच उभे होते. त्यांना राग आला नाही.

"विचारू द्या, बाई. मी पहिल्यांदा आलो तेव्हा त्या खोलीत कॉटवर आधीचे भाडेकरू आप्पासाहेब झोपून होते. त्यांच्यादेखत मीही तुम्हाला हेच विचारलं होतं."

विचारलं होतं. आणि चौथ्या दिवशी, आप्पासाहेब गेल्यावर, मी बाबुरावांना चावी दिली होती.

मी मुक्ताईंची पिशवी उचलली. "चला, स्वयंपाकघराशेजारी माझी खोली आहे. आपण दोघी तिथे झोपू."