मोहाच्या झाडाला टांगलेला रूळ

मित्रांनो, दीड हात लांबीच्या लोखंडाला कुणी त्याची कहाणी विचारत नाही, म्हणून मीच सांगायला बसलो आहे. बसलो म्हणजे लटकलो आहे. मी एक जुना रूळ आहे, आगगाडीच्या रुळाचा तुकडा. सालेकसा स्टेशनापासून तीन किलोमीटर आत आमचा टोला, म्हणजे छोटी वस्ती, आहे. तिथल्या शाळेसमोर मोहाचं झाड आहे, आणि त्याच्या आडव्या फांदीला जाड तारेनं मी टांगलेला आहे. मी शाळेची घंटा आहे. पितळी घंटा मी कधी पाहिली नाही, पण तिचा आवाज माझ्याइतका लांब जात असेल असं मला वाटत नाही.

माझा जन्म भिलाईच्या भट्टीतला. माझी तरुणपणची वर्षं मालगाड्यांची चाकं झेलण्यात गेली. पुढे रूळ बदलले, मला कापलं, आणि मी लाइनीच्या कडेला गवतात पडून राहिलो. आमच्या टोल्यातले भैयालाल तेव्हा रेल्वेत गँगमन होते. गावात नवी शाळा झाली होती आणि तिला घंटा नव्हती. त्यांनी साहेबांना विचारलं, मला सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि घरी आणलं. विचारून आणलं बरं का, उचलून नाही. त्यांनी पहिला टोला दिला तेव्हा पोरं घाबरून शाळेच्या उलट दिशेनं पळाली. ती परत येईपर्यंत भैयालाल हसत उभे होते.

मग माझे सुखाचे दिवस आले. साठ मुलं होती शाळेत. खिचडी शिजवायला सुमनबाई आल्या आणि हातोडी त्यांच्याकडे गेली. त्यांचे टोले दोन तऱ्हेचे. शाळा भरताना सावकाश, लांब. खिचडी शिजली की भराभर, दम न घेता. ते भरभर टोले ऐकले की पोरं ताटली उचलून हातपंपाकडे धावायची, हात धुवायला रांग लावायची, आणि त्यांच्या मागोमाग दोन-चार शेळ्याही यायच्या. एवढं प्रेम गाडीच्या चाकांनी मला कधी दिलं नव्हतं.

पण लोक जाऊ लागले. कारणं मला ठाऊक आहेत, कारण सगळ्या गप्पा याच झाडाखाली होतात. धानाचं एकच पीक. कापणी झाली की हात रिकामे, ते उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता येईपर्यंत. दोन भावांची चार घरं झाली, शेत मात्र तेवढंच राहिलं. पावसाळ्यात नाला भरला की आजारी माणूस अलीकडे आणि दवाखाना पलीकडे. मग कुणी नागपूरला गेलं, कुणी रायपूरला. सुमनबाईंचा मुलगा संघदीप गोंदियाच्या राइस मिलमध्ये लागला आणि तिथंच जवळ कुडव्याला खोली करून राहिला. मी कुणाला नावं ठेवत नाही. लाइनीवरचे माझेच भाऊ त्यांना घेऊन गेले. गेलेल्यांनी घरावर स्लॅब टाकले, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांची ऑपरेशनं करून दिली. पण इकडे रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, बायामाणसं मिळेनात, दाराला कुलपं दिसू लागली, आणि साठ मुलांची नऊ झाली. माझ्या वरच्या टोकाला गंज चढला. खोटं कशाला सांगू, मला फार एकटं वाटायचं.

गेल्या दिवाळीआधी पत्र आलं. पट वाढला नाही तर शाळा नाल्यापलीकडच्या गावात जाणार. शाळेच्या दीप्ती मॅडम पत्र वाचून कितीतरी वेळ माझ्याखाली उभ्या होत्या. सुमनबाईंनी विचारलं, "मंग या घंटेचं का होते?" मॅडमनी पत्राची घडी घातली. मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा भंगाराची भीती वाटली.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. गेलेली माणसं कुठूनही येतात. खाजं, फुगे, पाहुणे आणि रात्रभर नाटक. त्या दिवाळीनंतर आमची मंडई रविवारी होती, शाळा सोमवारी उघडत होती, आणि तपासणीचे साहेब नेमके सोमवारीच येणार होते. सुमनबाईंचं डोकं चाललं. मॅडम स्टेशनवर साहेबांना आणायला गेल्या, तेवढ्यात सुमनबाईंनी घरोघरची पाहुणी पोरं गोळा केली, अकरा भरली, आणि वर्गात नेऊन बसवली. त्यांत संघदीपची आठ वर्षांची रुची पुढच्या रांगेत. "साहेब जाईपर्यंत कोनी हालायचं नाई," अशी ताकीद दिली.

साहेब आले. वीस मुलं बघून खूश झाले. मॅडमच्या चेहऱ्याचा रंग मात्र उडाला, पण त्यांना तोंड उघडायला सवड मिळाली नाही. कारण तेवढ्यात खिचडी शिजली, आणि वीस वर्षांची सवय सुमनबाईंच्या हाताला गप्प बसू देईना. त्यांनी हातोडी घेतली आणि भराभर टोले दिले.

नऊ मुलं ताटल्या उचलून हातपंपाकडे धावली. अकरा जागच्या जागी बसून राहिली. त्या टोल्यांचा अर्थ त्यांना कुठून कळणार? ताकीद होती, म्हणून ती हललीसुद्धा नाहीत.

साहेबांनी रुचीला विचारलं, "बाळ, तू जेवायला नाही गेलीस? कुठली तू?"

"मैं कुडवा की हूँ," रुची म्हणाली. मग आजीकडे बघून घाईनं म्हणाली, "पण घर इथंच आहे आमचं."

मित्रांनो, चूक माझ्याच तोंडून बाहेर पडली होती. मला मातीत गाडून घ्यावंसं वाटलं. सुमनबाई पदराला हात पुसत पुढे आल्या. "चुकलं जी साहेब. मॅडमले यातलं काई मालूम नाई. माहं डोकं हाय हे सगळं."

साहेब आधी रागावले. मग त्यांनी पंपाजवळची ती रांग पाहिली, आणि त्यांना हसू आवरेना. "मी नऊच लिहिणार, बाई. पण माझा अहवाल महिनाअखेरीला जातो. तोवर कुणी खरा दाखला आणला, तर खरं नाव लिहीन." एवढं बोलून ते खिचडी खायला बसले, आणि पाहुण्या पोरांनाही बसवलं.

संध्याकाळी झाडाखाली संघदीप आईवर चिडला. "मले काऊन नाई विचारलं?"

"विचारलं असतं तं तू नाई म्हनला असता."

तेव्हा त्याची बायको खुशबू बोलली. ती कुडव्याला शिलाईच्या दुकानात कामाला होती. "दुपारी पोरगी खोलीत कुलपात राह्यते. मी मशीनवर बसून राह्यतो अन् माहं ध्यान त्या कुलपात राह्यते. मशीन का इथं चालत नाई? अन् आता नाल्यावर पूल झाला. तुमी सकाळच्या गाडीनं मिलमध्ये जा, संध्याकाळी या."

संघदीपनं खाली वाकून एक खडा उचलला. मग हळूच म्हणाला, "लोक म्हनतीन, परत आला. जमलं नाई याले."

म्हातारे भैयालाल पारावर बसले होते. ते म्हणाले, "माही सारी नोकरी रुळावर गेली, बाबू. गाडी जाते तशी येते बी. येनाऱ्या गाडीले कोनी हासताना मी नाई पायलं."

संघदीप हसला. खुशबूही हसली. मला हसता येत नाही, पण वारा आला आणि मी तारेला थोडा घासलो.

महिना संपायच्या आत टेम्पोतून शिलाई मशीन आली. रुचीचा दाखला आला. तिचं बघून आणखी दोन घरांनी कुलपं काढली, आणि त्यांची तीन पोरं शाळेत आली. तेरा झाली. साहेबांनी स्वतः येऊन नावं मोजली, आणि शाळा राहिली. सगळेच काही परतले नाहीत, आणि परतावंच असंही मी म्हणणार नाही. पण आता आठवड्यातून एक दिवस हातोडी रुचीच्या हाती असते. तिला दोन तऱ्हा अजून साधत नाहीत. ती शाळा भरतानाही खिचडीचे टोले देते, आणि शेळ्या सकाळीच येऊन उभ्या राहतात.

तेव्हा मित्रांनो, एक मागणं आहे. तुमच्याही गावात माझ्यासारखं कुणी टांगलेलं असेल. त्याला रंग लावू नका, हार घालू नका. सुट्टीत गेलात की हातोडी घेऊन एक टोला द्या. मी अनुभवानं सांगतो, जिथं रोज टोला बसतो, तिथं गंज चढत नाही. माझ्या अंगावर रुचीच्या उंचीला एक जागा आहे. तिथं मी पुन्हा चकाकू लागलो आहे.