सासूपर्यंत पोचायच्या आत

"घरी कोण कोण असतं?" प्लास्टरमास्तरांनी विचारलं. समोर टेबलावर हात ठेवून बसलेल्या आजोबांनी सांगायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मास्तरांनी त्यांचा पंजा धरून हात ओढला.

आजोबांचं वाक्य तिथेच राहिलं. खिडकीपाशी उभ्या असलेल्या परीक्षक बाई दोन पावलं पुढे आल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या.

मास्तर थांबले, पण हात काही सोडवेना. एकदा ओढलेला हात मध्येच सोडायचा नसतो, हे त्यांच्या अंगात पार मुरलेलं. मग एकदम भानावर आले. हा हात मोडलेला नव्हताच. आजोबा परीक्षेसाठी रुग्ण होऊन बसणारे, चांगले धडधाकट गृहस्थ. खरं ओढायचं नव्हतंच, ओढून दाखवल्यासारखं करायचं होतं.

"लागलं का हो?" बाईंनी आजोबांना विचारलं.

"छे, लागलं नाही. दचकलो एवढंच."

"ठीक. चालू द्या पुढे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. पुढचं सगळं मास्तरांनी बिनचूक केलं. कापूस गुंडाळला, पट्ट्या भिजवल्या, कडा टोचू नयेत म्हणून दुमडल्या. हात आपलं काम करत होते आणि डोकं मात्र त्या एका ओढण्यापाशीच घुटमळत होतं.

मास्तर हे नाव त्यांना मायदेशीच्या हॉस्पिटलात पडलं. जन्मात कुणाला शिकवलं नाही, पण हातात कात्री आणि चेहरा गंभीर, मग लोक दुसरं काय म्हणणार! तिथे हाडांचे डॉक्टर दोन आणि पेशंटची रांग फाटकाबाहेर. त्यामुळे प्लास्टर घालता घालता मोडलेला हात ओढून सरळ करायचं कामही कधी मास्तरांच्या गळ्यात पडलं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. भूल द्यायला वेळ कुणाला होता? घाबरलेला माणूस लाकडासारखा ताठ होऊन बसतो. त्यावर मास्तरांनी आपली युक्ती काढली होती. शांतपणे विचारायचं, घरी कोण कोण असतं? माणूस विचारात पडतो, अंग सैल सोडतो. बायको, दोन मुलं, म्हातारी आई असं करत करत गाडी सासूपर्यंत पोचायच्या आत काम फत्ते. वॉर्डातल्या सिस्टर त्यांची थट्टा करायच्या, "मास्तर, तुमच्या टेबलावर आजवर एकाही सासूचं नाव निघालं नाही."

इथे परक्या देशात येऊन मास्तर हॉस्पिटलच्या तळघरात मळलेल्या चादरींच्या गाड्या ढकलत होते. कुणी वाईट वागत नव्हतं, खोटं कशाला बोला. येता-जाता माणसं मान हलवायची, दार धरून ठेवायची. पण इथली भाषा त्यांना कामापुरतीच यायची आणि थट्टा करायला कामापुरती भाषा पुरत नाही. दिवसभर तोंड न थांबणारा हा माणूस इथे मुका झाला होता. कधीकधी खोलीवर परतल्यावर किल्ली सापडेना म्हणून स्वतःशी पुटपुटायचे, तर आपलाच आवाज ऐकून दचकायचे. फार एकटं वाटायचं त्यांना, आणि हे सांगायचं कुणाला हाच तर सगळा घोळ होता.

अशात कुणीतरी सांगितलं की बाहेरच्या देशात केलेल्या कामाची इथे परीक्षा घेतात. पास झालात तर तुमचं जुनं शिक्षण, जुना अनुभव सगळं धरतात. मग प्लास्टरच्या खोलीत नोकरी मिळते. आणि तशी नोकरी असली तरच बायकोला इकडे आणायची परवानगी. चादरी ढकलणाऱ्याला ती मिळत नव्हती. त्या दिवसापासून बायको फोनवर दुसरं काही बोलतच नव्हती.

प्लास्टर वाळल्यावर बाईंनी त्यांना शेजारच्या खोलीत बसवलं आणि स्वतःही समोर बसल्या.

"तुमचा हात फार चांगला आहे," त्या म्हणाल्या. सावकाश बोलत होत्या, मास्तरांना कळावं म्हणून. "पण तुम्ही त्यांना न सांगता ओढलंत. मला पास करता येणार नाही."

"सांगितलं की माणूस ताठ होतो."

"होऊ दे. थांबा मग थोडं. दुखणं कमी करायचं औषध द्या. पण हात त्यांचा आहे ना? काय होणार ते त्यांना आधी कळायला नको?"

मास्तरांना या बाईचा राग आला असता तर बरं झालं असतं. पण बोलण्यात खोट काढावी तर ती कुठे सापडेना. इथे औषध होतं, वेळ होता. तिकडे यातलं काहीच नव्हतं, एवढं सांगायला लागणारे शब्दही त्यांना जुळवता येईनात.

"परत कधी?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या वर्षी. नक्की या."

बाहेर बाकावर आजोबा अंगात कोट घालून बसले होते. मास्तर दिसताच थोडे सरकले.

"माझं सांगायचं राहिलं," आजोबा म्हणाले.

"काय?"

"घरी कोण कोण असतं ते. तुम्हीच विचारलंत की."

मास्तर जाता जाता थांबले.

"मी नेहमी बसतो या परीक्षेला," आजोबा म्हणाले. "हात सगळेच धरतात. विचारलं मात्र तुम्ही पहिल्यांदा."

मास्तर त्यांच्याशेजारी टेकले. आजोबांच्या घरी बहीण होती, तिला ऐकू येत नव्हतं. पूर्वी बरीच माणसं होती. कोण कुठे गेलं, कोण पत्ता न देता गेलं, कुणाला झाडांचं वेड होतं, आजोबा सगळं ओळीने सांगत बसले. मास्तरांना निम्मंअर्धंच कळत होतं. पण ऐकता ऐकता त्यांना चांगलंच ओशाळल्यासारखं झालं. सगळी हयात हा प्रश्न विचारण्यात गेली आणि एकाचंही उत्तर त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं.

आजोबा गेल्यावर त्यांनी घरी फोन लावला. पहिल्याच घंटीला बायकोने उचलला.

"अहो, किती वेळ लावलात? मी फोन हातात धरूनच बसलेय."

"अगं, गर्दी होती जरा."

"बरं. झालं का?"

नाही झालं, एवढंच तर म्हणायचं होतं. ते काही केल्या तोंडातून फुटेना. आणि बाहेर पडलं ते भलतंच.

"घरी कोण कोण आहे गं आत्ता?"

लग्नानंतर लवकरच बायको मोरीत घसरून पडली होती, तेव्हा तिचंही मनगट त्यांनी असंच बसवलं होतं. ती काय ओळखणार नाही!

"म्हणजे नाही झालं," ती म्हणाली.

"नाही झालं."

"असं आधी सांगावं हो माणसाला." ती रडत नव्हती, पण आवाज खाली गेला होता. "पुढे?"

"पुढच्या वर्षी परत."

"हं."

मास्तरांना वाटलं, आता ही जेवलात का म्हणून विचारेल आणि फोन ठेवेल. तसं होऊ नये असं त्यांना फार वाटलं.

"सांग ना," ते म्हणाले. "खरंच विचारतोय. कोण आहे घरी?"

"कोण असणार? मी एकटी. तुमच्या ताई आल्या होत्या सकाळी, पलंग घेऊन गेल्या."

"पलंग?"

"मीच न्या म्हटलं. कपाट शेजारच्या वहिनींना दिलं. खुर्च्या, मोठी भांडी, सगळं वाटलं. म्हटलं तुमचं झालं की उगाच शेवटी धावपळ नको." ती थांबली. "चटईवर बसलेय. बोललं की आवाज घुमतो हो घरात."

मास्तरांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"आणखी सांग," ते म्हणाले.

"आणखी काय? दोन ताटं तेवढी ठेवलीत. ती बरोबर आणणार होते."