सत्त्याऐंशी गावांचा साचा

मी रुपालीवर जळत होते. आडवळणाने कशाला सांगायचं? ती चांगली मुलगी होती, कामाची होती, मला ताई म्हणायची, डबा उघडला की भाजी आधी माझ्या पुढ्यात सरकवायची. आणि तरी मी तिच्यावर जळत होते. ती वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

नेरच्या आमच्या कॉलेजात मी ग्रंथालय सहायक आहे. सहा वर्षांपूर्वी प्राचार्य खेमसिंग सरांनी ‘गावकोश’ काढला. विकिपीडिया असतो ना, तसाच, पण आपल्या तालुक्यापुरता. एका गावाचं एक पान. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं. कुणीही म्हणजे शेवटी मीच. गावात फोन लावायचा, पोलीस पाटील सापडला नाही तर त्याच्या बायकोला विचारायचं. नाला कोणता, शाळा कितवीपर्यंत, एसटी किती वाजता, आठवडी बाजार कोणत्या वारी. अशी सत्त्याऐंशी गावं मी लिहिली. प्रत्येक पानावर उजवीकडे माहितीची चौकट असते, ती सुद्धा दरवेळी हाताने. पाहुणे आले की सर माझी ओळख करून द्यायचे, “ह्या इंदुताई. आमचा चालता-बोलता गावकोश.” त्या एका वाक्यावर माझा पुढचा महिना मजेत जायचा.

मागच्या जूनमध्ये रुपाली आली. मुकुटबनची, वय चोवीस, नेमणूक संगणक प्रयोगशाळेत. दुसऱ्याच आठवड्यात ती माझ्या टेबलाशी येऊन बसली.

“ताई, हे चौकट तुम्ही दरवेळी नवी बनवता काय?”

“नवी कायले? आधीच्या गावाची उचलते, इथं टाकते, नाव बदलवते.”

“म्हणूनच,” ती म्हणाली.

“काय म्हणूनच? बोल ना.”

मग तिने हळूच सांगितलं. अकरा पानांवर आठवडी बाजार मंगळवारी दिला होता आणि त्यातल्या सात गावांत तो मंगळवारी भरतच नव्हता. एका गावाची चौकट उचलून दुसऱ्यात टाकताना मी वार बदलायला विसरले होते. तिने हे आजूबाजूला कुणी नसताना सांगितलं, आवाज खाली ठेवून. चारचौघांत बोलली असती तर मी भांडले तरी असते.

त्याच शनिवारी दुपारी तिने साचा बनवला. “करंजीच्या साच्यासारखं समजा, ताई. आकार एकदाच करून ठेवाचा, सारण ज्या गावाचं त्या गावाचं.” चौकट आता एका वेगळ्या पानावर राहणार होती. गावाच्या पानावर फक्त महिरपी कंसांत साच्याचं नाव लिहायचं आणि पुढे नाला, शाळा, बाजार भरत जायचं. साच्यात एका जागी बदल केला की तो सत्त्याऐंशी पानांवर आपोआप दिसतो. “या, शिकवते तुम्हाले, दहा मिनिटाचं काम आहे,” ती म्हणाली. मला पुस्तकांची धूळ झटकायची होती. नंतर तिने आणखी दोनदा विचारलं, तेव्हाही धूळ होतीच.

पंधरा दिवसांत सगळी गावं तिच्या चौकटीत जाऊन बसली. मजकूर माझा, एक शब्द तिने हलवला नाही. पण पान उघडलं की डोळा आधी त्या हिरव्या, नीटस चौकटीवर जायचा. जो तो म्हणायचा, किती छान दिसतंय. किती छान लिहिलंय असं कुणी म्हणेना. सर तर माझ्याच टेबलापाशी उभे राहून म्हणाले, “पाह्यलं का इंदुताई? तुमचे सहा वर्षं गेले, अन् हिनं पंधरा दिवसांत...” पुढचं मी ऐकलंच नाही.

डिसेंबरात ढाणकीच्या कॉलेजचं पत्र आलं. त्यांना उमरखेड तालुक्याचा कोश सुरू करायचा होता आणि वर्षभरासाठी आमच्याकडचं एक माणूस प्रमुख म्हणून हवं होतं. गुरुवारी हॉलमध्ये सरपंच आणि ग्रामसेवकांसमोर गावकोश दाखवायचा, ढाणकीचे पाहुणे येतील, त्यानंतर नाव सांगू, असं सरांनी ठरवलं. हे सांगताना ते खिडकीकडे पाहत होते. त्यावरून नाव कुणाचं असणार ते मला कळलं.

मला ते पद हवं होतं, अगदी जीव टाकून हवं होतं. घरात माझं मत कुणी विचारत नाही, कॉलेजात मी पुस्तकांवर शिक्के मारते. आयुष्यात माझा म्हणावा असा हा कोश तेवढा होता. तो हिने एका शनिवारच्या दुपारी आपल्या नावावर करून घ्यावा?

बुधवारी चार वाजून गेल्यावर रुपाली निमंत्रणं द्यायला बाहेर गेली. मी साच्याचं पान उघडलं आणि ‘संपादन’वर टिचकी मारली. साचा शिकले नव्हते तरी वाचता येत होतं. आठवडी बाजाराच्या ओळीत तीन महिरपी कंसांत ‘बाजार’ असा शब्द होता. प्रत्येक गावाचा वार तिथून येतो, हे कुणालाही कळलं असतं. मी तो शब्द कंसांसकट खोडला आणि तिथे टाइप केलं, मंगळवार. जतन केलं. सावरखेड्याचं पान उघडलं, मंगळवार. आणखी दहा-बारा पानं पाहिली, सगळीकडे मंगळवार. माझी सात गावं चुकली होती ना? घे म्हटलं, आता तुझी सत्त्याऐंशी.

नाही म्हणायला एक धास्ती वाटली. कोशात कुणी काय बदललं ते नाव-वेळेसकट ‘इतिहास’मध्ये राहतं, हे मी मुलांच्या प्रत्येक तुकडीला बजावून सांगते. म्हणून सावरखेड्याचा इतिहास उघडून पाहिला. माझं नाव नव्हतं. आणखी चार गावांचा पाहिला, तिथेही नव्हतं. मी निवांत घरी गेले. साचा हेही एक पानच आहे आणि त्याचा इतिहास त्याच्यापाशीच राहतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. धूळ झटकत बसलेल्या बाईच्या डोक्यात ते येणार कसं?

गुरुवारी सकाळी रुपाली हॉलमध्ये प्रोजेक्टरच्या वायरी लावत होती. मला पाहून उठली.

“ताई, कार्यक्रमाच्या आधी एकदा कोश उघडून पाहता काय?”

“तुझं तू पाह्य. मले चहाचं पाहाचं आहे.”

“अजून अर्धा तास आहे,” ती म्हणाली. मी गेले नाही.

हॉल भरला. रुपालीने पहिलंच पान सावरखेड्याचं उघडलं, कारण तिथल्या सरपंच मानीबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. भिंतीवर हातभर अक्षरांत आलं, आठवडी बाजार: मंगळवार.

“ओ बाई!” मानीबाई उठूनच उभ्या राहिल्या. “आमचा बाजार त शुक्रवारी भरते. मंगळवारी तिथं निस्त्या बकऱ्या बसतेत!”

लोक हसले. मागून कुणीतरी ओरडलं, “आमचं गाव खोला.” खोललं, मंगळवार. आणखी एक खोललं, मंगळवार. “साऱ्या तालुक्याचा बाजार एकाच दिवशी? व्यापारी कुठं कुठं पुरन बाप्पा!” ढाणकीहून आलेल्या पुंडलिकरावांनी लिहिता लिहिता पेन खिशाला लावलं. सरांचा चेहरा उतरला. मी तिसऱ्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसले होते. कबूल करते, मला मजा आली.

रुपाली गडबडली नाही. तिने हशा ओसरू दिला आणि माईक तोंडाशी धरला.

“हे मुद्दाम करून ठेवलं आहे. साचा कुणी मोडला त काय होते, ते तुम्ही पाह्यलं. आता तो एका टिचकीत नीट कसा होते, ते इंदुताई दाखवतीन. या ताई.”

कशी उठले, कशी तिथवर गेले, आठवत नाही. तिने माऊस माझ्या हातात दिला. भिंतीवर साच्याचं पान होतं आणि त्याच्या वर, प्रत्येक पानावर असतो तसाच, ‘इतिहास’. तेवढं एकच मला ओळखीचं होतं, म्हणून मी तेच दाबलं. सगळ्यात वरच्या ओळीत माझं नाव आलं. इंदुताई, बुधवार, चार वाजून बावीस मिनिटं. पण लोक शांतच होते. मुद्दाम केलंय म्हटल्यावर नाव माझं असणारच, त्यात कुणाला काय वाटायचं?

“उलटवा,” रुपाली माझ्या कानाशी पुटपुटली. नावापुढेच तो शब्द होता. मी दाबला, जतन केलं. तिने सावरखेड्याचं पान पुन्हा उघडलं. शुक्रवार.

“हां, आता कसं!” मानीबाई म्हणाल्या आणि टाळ्या सुरू झाल्या. पुंडलिकराव उभे राहिले. “सर, आम्हाले असंच माणूस पायजे. निस्तं सांगत नाही, मोडून अन् जोडून दाखवते.” सरांच्या जिवात जीव आला. “मग ठरलं तर! ढाणकीले आमच्या इंदुताई.”

हेच मला हवं होतं. रुपालीही टाळ्या वाजवत होती, आणि खोट्या नाही. तिने माईक माझ्याकडे दिला. मी त्यावर हात दाबून धरला.

“तुले कधी समजलं?”

“कालच, साडेचारले. साचा माझ्या पहाऱ्याच्या सूचीत आहे, बदलला की मेल येते.”

“मग नीट काहून नाही केलं?”

“मी केलं असतं त तुमचं मोडणं अन् माझं जोडणं, दोन्ही तिथं लेखी राह्यलं असतं. सर इतिहास पाह्यतेत, ताई. तुमचं तुम्ही उलटवलं त कोणी काही म्हणत नाही. मले वाटलं, सकाळपर्यंत तुम्ही करान.”

लोक अजून टाळ्या वाजवत होते. तिच्या जागी मी असते तर चार वाजून पस्तीस मिनिटांनी सरांच्या केबिनमध्ये असते, हे मला पक्कं माहीत होतं. त्या क्षणी मी तिच्यावर जेवढी जळले तेवढी सहा महिन्यांत जळले नव्हते. साचा एक वेळ शिकता आला असता. हे कुठे जाऊन शिकायचं? आणि आता ढाणकीला जाऊन वर्षभर मी ज्या खुर्चीत बसणार ती हिने दिली म्हणून बसणार.

मी माईकवरचा हात काढला.

“सर, मी दाखवाले नव्हतं मोडलं. रुपालीची फजिती व्हावी म्हणून मोडलं. ढाणकीले तिले पाठवा.”

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. रुपालीने डोळे मिटून घेतले. पहिल्यांदाच मी तिचा चेहरा पडलेला पाहिला. एवढं जपून तिने मला झाकलं होतं, आणि तेवढं एक काम मात्र मी तिला पुरं करू दिलं नाही.